वरच्यांची लाईट

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. जळक्या तांब्याच्या तारा आणि किस्से! तारा भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? रत्नागिरीत कुणाचा पंप जळला की माणूस तो माझ्याकडे आणायचा आणि काम होईपर्यंत बाकड्यावर बसायचा. तेवढ्या वेळात थापा मारायचा मान माझा. सगळ्या आळीला हे मंजूर होतं. मग शहाऐंशीच्या आसपास वेल्डर दत्ताराम मुंबईची गोदी सोडून कायमचा गावी आला, आणि माझे दिवस फिरले.

*

पहिल्याच दिवशी मी सांगत होतो, पूर्णगडला मुशीनं, म्हणजे शार्कनं, माझी होडी कशी ओढत नेली ते. मुशीनं जबडा उघडला, आणि दत्तारामनं पिशवीतून वेल्डिंगची काळी काच काढली!

"सूर्य बघा ह्यातनं. आत आग-बिग काय नाय. वरच्यावर विजेचा आर्क चाललाय, वेल्डिंगसारखा. ते काळे डाग म्हणजे भोकं. आत आग असती तर भोकातनं जास्त उजेड आला नसता?"

बाकडं रिकामं! सगळे रस्त्यावर, काचेसाठी रांगेत. मुशी बिचारी जबडा उघडून तशीच राहिली.

मी ओरडलो, "आणि वायर कुठाय रे तुझ्या सूर्याला?"

"अण्णा, तुझ्या ट्यूबच्या पोटात कुठाय वायर?"

माझंच गिऱ्हाईक, माझ्याच दुकानात, मला हसलं!

*

ती ट्यूब म्हणजे माझा आळस. टोकं काळी पडलेली, आत नुसता जांभळट धूर फिरल्यासारखा दिसायचा. दत्ताराम म्हणाला, "आकाशातला तेजोमेघ तो हाच. वायूत करंट फिरतोय, पण पुरता पेटत नाय."

मला राग आला. नवी ट्यूब आणून मी स्टुलावर चढलो, तर बाकड्यावरून ओरडा!

"अण्णा, हात लावू नका! आमच्या पाहुण्यांना दाखवायचाय!"

पुढे दोन महिने मी तेजोमेघाच्या उजेडात वाइंडिंग भरत होतो.

*

त्याच सुमारास धूमकेतू आला. चिपळूणचे एक निवृत्त मास्तर पंप घेऊन आले होते. ते म्हणाले, "धूमकेतू म्हणजे मळका बर्फ." मला एवढं बरं वाटलं, की मी त्यांना दुसरा चहा मागवला.

दत्ताराम म्हणाला, "मास्तर, तो लांबून चार्ज होऊन येतो. सूर्याजवळ आला की डिस्चार्ज. शेपटी ती हीच. अंधारात नायलॉनचा शर्ट झटकन काढा, कळेल."

आळीभर शर्ट काढणं सुरू झालं! आपल्याकडच्या दमट हवेत कसली येते ठिणगी? पण आमची ही मला म्हणते, "दत्तारामभावजींच्या शर्टातनं येते म्हणे. तुमच्यातनं काहीच कसं येत नाही हो?"

त्या शर्टाचं मी पायपुसणं केलं.

*

शेवटी मी ठेवणीतली थाप काढली. "पूर्णगडच्या किल्ल्यावर मी विजेचा गोळा पाहिला. नारळाएवढा! तटावरून घरंगळत आला, मला वळसा घातला आणि समुद्रात शिरला. चुर्रर्र!"

सगळे पुढे सरकले. जिंकलो! एवढ्यात एकानं दत्तारामकडे वळून विचारलं, "होतं काय रे असं?"

"होतं की! आकाशातला तारा म्हणजे तोच गोळा, फक्त मोठा. अण्णानं डोळ्यानं पाहिलाय!"

थाप माझी, आणि शाबासकी त्याला!

*

एकदा अंधार पडल्यावर लाईट गेली. आम्ही सगळे रस्त्यावर आलो. वर हा चांदण्यांचा खच! राजापूरकडचे एक बागायतदार पंप न्यायला आले होते. ते म्हणाले, "दत्ताराम, तुमचे तारे जर विजेवर चालतात, तर आमची लाईट गेली आणि त्यांची कशी राहिली?"

दत्ताराम पिशवीतली काळी काच चाचपायला लागला. मी म्हटलं, "बोल की मेल्या!"

तेवढ्यात कंदील घेऊन आमची ही माडीवरून खाली आली. म्हणाली, "त्यात काय? वरच्यांनी आपल्या तारेवर आकडा टाकलाय. आपली गेली की त्यांची कशी झगझगीत होते, बघितलं नाहीत कधी?"

सगळ्यांनी वर बघितलं. खरंच झगझगीत होती!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकड्यावर मी आणि दत्ताराम, दोघंच. बाकी सगळी मंडळी वर, आमच्या स्वयंपाकघरात. हिचा आवाज आणि त्यांचं हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

दत्तारामनं जिन्याकडे बघितलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला,

"अण्णा, वहिनी थापा मारतात हो!"