मीठ सांग

पळीवर फुंकर घालून तो कालवणाचा एक थेंब समोरच्याच्या तळहातावर सोडायचा आणि म्हणायचा, "मीठ सांग."

मालवणात जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा छापखाना आहे आणि समोर एक खाणावळ. तो तिथला आचारी. वेंगुर्ल्याकडचा ख्रिस्ती माणूस, पन्नाशी उलटलेला. गळ्यातला क्रूस फोडणी देताना न चुकता शर्टाच्या आत टाकायचा. "तेलाचो शिंतोडो देवाक कित्याक?"

तुम्ही विचाराल, आचारी स्वतः चाखत नाही का? चाखायचा. गेल्या फेब्रुवारीपर्यंत. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्यांच्यात उपवास असतो. मटण-कोंबडी बंद, मासे चालतात. याने मासेही सोडले.

"काका, मासे चालतात ना तुमच्यात?"

"चलतत. म्हणानच सोडलंय. आवडत नाय ता सोडलंय तर तो उपास कसलो?"

मग चाखायचे काम माझ्याकडे आले. "तुझी जीब पत्रकांत वाया जाता. हय तरी कामाक येवंदे."

पत्रकांबद्दल तो बोलला ते खोटे नव्हते. वडिलांच्या छापखान्यात मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलो. अन्याय दिसला की त्यावर दोनशे शब्द लिहायचे आणि सकाळी बाजारात वाटायचे, एवढेच मला येते. त्या दिवसांत किनाऱ्यावर नवे बंगले घेतलेल्या लोकांनी अर्ज केला होता, की सुक्या मासळीचा वास येतो, वाळवण बंद करा. कोणी काय खावे हे दुसऱ्याने ठरवू नये, यावर मी पेटून लिहीत होतो. सोडणे म्हणजे काय हे अनुभवावे म्हणून त्याच्याबरोबर मीही मासे सोडले. पाच दिवस वरणभात आणि सोलकढी. सहाव्या दिवशी तव्यावर बांगडा पडला आणि मी ताट पुढे केले.

तो पोट धरून हसला. "तू कागदासाठी सोडलंस रे. कागद भिजलो."

ईस्टर आला आणि गेला. प्रार्थनेहून घरी गेलेले लोक मटणावर बसले. तो दुपारी खाणावळीच्या मागच्या पायरीवर भात आणि वालीची भाजी घेऊन बसला. मला वाटले, सवय मोडत नसेल.

आणखी एक गोष्ट मी पाहत होतो, पण तिचा अर्थ लावत नव्हतो. मासे कापायची सुरी तो आता कोणाच्या हाती देत नसे. प्रत्येक माशाचे पोट सावकाश उघडायचा, आतडी बोटाने पसरायचा, बघायचा, मगच टाकायचा. सुरमई मोठी असली की जास्त वेळ. एकदा मोरी आली, म्हणजे लहान शार्क. तिच्यापुढे तो इतका वेळ बसला की मालकीणबाई वैतागल्या.

"अरे, सोन्याचा नाणा शोधतंस काय तेच्यात?"

"पेद्रूक गावलला, बाय. माशाच्या तोंडात." येशूच्या शिष्याला माशाच्या तोंडात नाणे सापडल्याची बायबलातली गोष्ट सांगून तो हसला. डोळे मात्र मोरीच्या पोटावरच होते.

मे महिन्यात एका दुपारी मी त्याला अडवलेच. म्हटले, "काका, उपवास संपला. आता ते बंगलेवाले बोट दाखवतील. बघा, मासे रांधणाऱ्या माणसानेही सोडले म्हणतील."

"तुझा पत्रक माझ्या पोटात घालू नको." मग तो म्हणाला, "आमचो येशू मेल्यावर परत उठलो, तेव्हा तेना खावक मागल्यान. भाजललो मासो दिल्यानी, तो खाल्ल्यान. माशात पाप नाय रे."

"मग?"

"जानेवारीत माझो धाकटो भाव ट्रॉलरवरसून पडलो. विजयदुर्गासमोर. गावलो नाय."

मला आठवले, जानेवारीत तो चार दिवस नव्हता. भाऊ गोव्याच्या बोटीवर होता, त्यामुळे मालवणात कोणाला पत्ता नव्हता. हातातली सुरी तो फडक्याला पुसत राहिला.

"शेवटच्या दिसाक मेलेले सगळे उठतले, अंगासकट. तो खंयसून उठतलो? चुकान तेका गिळललो मासो मी खाल्लेलो आसलंय तर माझ्याच पोटातसून? आयतवारी पाद्री माझ्या जिभेर प्रसादाचो तुकडो ठेवता, येशूचा शरीर म्हणान. ती जीब सोमवारी कालवणाक कशी लावू?"

"पण लोकांना वाढता तुम्ही."

"तेंका म्हायत नाय. माका म्हायत आसा, म्हणान मी बघून देतंय."

कोणाला सांगू नको, असे तो म्हणाला नाही. ते सांगावे लागते असे त्याला वाटले नसणार. आमच्या किनाऱ्यावर कोणी बुडाले आणि सापडले नाही, की घरोघर मासे बंद होतात. का बंद, हे कोणी तोंडाने बोलत नाही. मग एखाद्या घरातून तळणीचा वास येतो आणि हळूहळू सगळे खाऊ लागतात. हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तरीही मी लिहिले.

"ज्या समुद्राने भाऊ नेला त्याचे मासे आमच्या समोरचा आचारी खात नाही, पण दुसऱ्याच्या ताटात प्रेमाने वाढतो. स्वातंत्र्य याला म्हणतात." नाव घातले नाही. या वाक्यांचा मला अभिमान होता. तीनशे प्रती सकाळी बाजारात गेल्या, फोटो काढून फोनवरून गावभर फिरल्या.

दुपारी खाणावळीत नेहमीसारखी गर्दी होती. एका गिऱ्हाइकाने ताटातली सुरमई बोटाने उलटी केली आणि विचारले, "ही खंयची?" त्याने ताट सरकवले. शेजारच्याने सरकवले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पाणी पिऊन माणसे एकेक करून उठली. दुसऱ्या दिवशी दोन टेबले भरली. तिसऱ्या दिवशी कोणीच आले नाही.

मालकीणबाई त्याला हळूच म्हणाल्या, "बाबा, तू वायच दिवस घराक जावन ये."

त्याने मान हलवली. पिशवी भरण्याआधी त्याने शेवटचे कालवण उतरवले आणि दारातून मला हाक मारली. मी गेलो. मला वाटले, शिव्या देईल. त्याने पळीवर फुंकर घातली, माझा हात उलटा करून तळव्यावर थेंब सोडला.

"मीठ सांग."

मला जीभ लावता येईना. थेंब तळव्यावर गार झाला. तो वाट पाहत उभा राहिला, मग पळी कठड्यावर ठेवून निघून गेला. सुरी मागेच राहिली.

तो परत आला नाही. खाणावळीत नवा आचारी आहे. तो स्वतःच चाखतो, पटापट कापतो, आणि टेबले पुन्हा भरतात. तिथे मी जेवत नाही. बाजारातून मासे आणतो. विकणारी बाई विचारते, "साफ करून देव?"

मी नको म्हणतो. घरी येऊन दार लावून घेतो, सुरी घेतो, आणि पोट सावकाश उघडतो.