तीर्थाची पायरी

मुलीला वर्षात दोनदा कावीळ झाली, तेव्हा डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं. मी सगळं उकळू लागले, अगदी चूळ भरायचंसुद्धा. राहिलं फक्त तीर्थ. सासूबाई रोज सकाळी घाटावरून तांब्याची कळशी भरून आणायच्या आणि पूजा झाली की सगळ्यांच्या हातावर पळीभर तीर्थ घालायच्या. एकदा मी भीतभीत विचारलं, "तिच्यापुरतं उकळून घेऊ का?"

"उकळलेलं तीर्थ!" सासूबाई हसल्या. "मग त्यात चहाची पत्तीही घाल."

सासूबाई कळशी घाटाच्या एका कडेच्या पायरीवरून भरत. तिथे कोणी न्हात नसे, म्हणून ती पायरी मामंजींनीच निवडलेली. गर्दीचा विटाळ नको.

दिवाळीच्या सुमाराला मी मामंजींची धोतरं निळीतून काढली, बादलीतलं पाणी मोरीत ओतलं आणि सासूबाईंचा घाटावर राहिलेला गडू आणायला गेले. कडेच्या पायरीवर, भिंतीच्या भोकातून निळं पाणी गंगेत उतरत होतं. मी गडू उचलायचा विसरले. पुढच्या धुण्याला मुद्दाम दुप्पट नीळ घातली आणि तशीच ओल्या हातांनी खाली गेले. पुन्हा निळं. आमची मोरी आणि संडास एकाच नळीत जायचे. हे मी कोणालाही सांगितलं नाही. रोज मुलगी हात पुढे करायची, आणि मी मागे उभी राहून बघायचे.

त्या हिवाळ्यात दूधविनायकच्या आमच्या गल्लीत सांडपाण्याची नवी लाइन घालायचं ठरलं. काम बघणारे लोक म्हणाले, आराखडा इथे राहणाऱ्यांना विचारूनच करायचा, बायकांनीही यायचं. देवळाच्या आवारात सतरंजीवर गल्लीचा मोठा नकाशा पसरला होता. त्यांच्यातल्या एका मुलीने टिकल्यांची पाकिटं वाटली. "जहाँ गंदा पानी निकलता है वहाँ लाल, और जहाँ से पीने का, पूजा का भरते हैं वहाँ हरी."

थोड्या वेळात नकाशा भरला. लाल टिकल्या प्रत्येकाने शेजाऱ्याच्या दारात लावल्या होत्या. त्यावरून बरीच हमरीतुमरी झाली. सासूबाईंनी पदर सावरून पुढे होत कडेच्या पायरीवर हिरवी टिकली लावली आणि अंगठ्याने नीट दाबली.

"भाभी, आप?" ती मुलगी माझ्याकडे वळली.

"अरे, इनसे क्या पूछती हो," समोरच्या घरातली बाई म्हणाली, "ये तो सब्जीवाले से भी इशारे में बात करती हैं."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण ते खरं होतं; इथली हिंदी अजून माझ्या जिभेवर बसली नव्हती.

"बोलना थोड़े ही है. बस चिपकाना है."

लाल टिकली घामाने माझ्या बोटालाच चिकटली होती. मामंजी खांबाशी बसले होते. मी वाकले आणि हिरव्या टिकलीला खेटून ती लावली. कोणीतरी म्हणालं, चुकून लागली, काढा.

"ये किस घर का पानी है?" त्या मुलीने विचारलं.

"हमारा," मी म्हटलं. आवाज फुटलाच नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

दाराशी उभा असलेला म्हातारा नाववाला म्हणाला, "बहू ठीके कहत हईं. एही से त ओहर केहू ना नहाला. हम समझली, पंडितजी के मालूम होई."

मामंजींनी मान खाली घातली. ज्या पायरीला आम्ही सोवळी म्हणत होतो, ती लोकांनी घाणीमुळे सोडून दिलेली होती.

घरचा उंबरा ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चार लोकांत सासरची मोरी दाखवलीस. गंगेला काही लागत नाही, एवढंही तुला माहेरी शिकवलं नाही?"

हे म्हणाले, "आधी घरात सांगायचं होतंस."

खरं होतं. पण घरात सांगायला मला लाल टिकली कोण देणार होतं? मी भाजी चिरत राहिले. लाइन यायला वर्ष तरी लागेल, असं टिकल्या वाटणाऱ्या मुलीने सांगितलं होतं. तीर्थ उद्या सकाळीच होतं.

सकाळी सासूबाई नेहमीसारख्या कळशी घेऊन गेल्या. परतायला उशीर झाला. कुठून भरली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारू शकले नाही. पूजा झाली. मामंजींना तीर्थ दिलं, ह्यांना दिलं. मुलीने हात पुढे केला, तेव्हा पळी तिच्या हातापर्यंत आली आणि थांबली. मग सासूबाईंनी पळी परत पंचपात्रात ठेवली आणि तिच्या तळव्यावर नुसतं तुळशीचं पान ठेवलं.

"मला पाणी?" मुलीने विचारलं.

"खा मुकाट्याने," त्या म्हणाल्या, आणि पळी माझ्याकडे वळवली. मी हात पुढे केला.