पाच किलोचा उपग्रह

जमलेल्या कामाची एकच गोष्ट असते, फसलेल्या कामाचे मात्र किस्से होतात. सत्तरच्या दशकात, कॉलेजात असताना आम्ही केलेला उपग्रह फसला, म्हणून अजूनही कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठेपर्यंत तोच विषय.

कल्पना आमच्या फिजिक्सच्या सरांची. उपग्रहाच्या मॉडेलचा अर्धा भाग आम्ही जळगावकरांनी करायचा, अर्धा धुळ्याच्या पोरांनी. दोन्ही भाग विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी जोडायचे. वजन पाच किलोच्या आत. परीक्षक एका मुलाला अवकाश केंद्रात ट्रेनिंगला नेणार होते.

आमचा लीडर मदन त्यासाठी जीव टाकत होता. त्याच्या वडिलांची कापसाची पेढी. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "निवड झाली तर खुशाल जा. नाही तर दिवाळीपासून पेढीवर."

*

सर म्हणाले, अवकाशात उन्हाचा मारा असतो, तपासणी करा. आम्ही एप्रिल महिन्यात जळगावजवळ पिंप्राळ्याला मदनच्या घराच्या पत्र्यावर मॉडेल ठेवलं. सर दुपारभर शेजारी बसून तापमान लिहीत होते.

मॉडेल टिकलं. सरांना ऊन लागलं, चार दिवस फिजिक्सच्या तासाला सुट्टी!

*

मॉडेल घेऊन एस.टी.ने धुळ्याला निघालो. कंडक्टरने विचारलं, "हाई काय शे रे भो?"

"उपग्रह," मदन ऐटीत म्हणाला.

"मंग टपवर ठेव. त्याले वरच जावानं शे ना!"

*

धुळ्याचा लीडर हिंमत, मूळचा पिंपळनेरचा. त्याच्या खोलीवर दोन्ही भाग काट्यावर ठेवले, तर वजन जास्त. दोन्हीकडे स्वतंत्र बॅटऱ्या होत्या, आणि मागे हटायला कुणी तयार नव्हतं.

"आमनं एक तोळाबी कमी व्हवाव नही," हिंमत म्हणाला.

मदनही भडकला. हिंमतच्या आईने गावाहून येऊन आमच्यासाठी वरणबट्टी केली होती, ती तशीच टाकून आम्ही उठलो. खानदेशात याहून मोठा अपमान नाही.

*

दोन दिवसांनी मदनने आमची बॅटरी काढून ठेवली. "त्यांची मोठी आहे, तिच्यावर दोन्ही भाग चालतील. आत्ता कळवायचं नाही. त्या दिवशी उघडून दाखवू, हिंमतच्या माउलीचा राग जाईल."

सरांचा नियम होता, बदल केला की पलीकडच्यांना कळवायचं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पुरे होतं. अजून हळहळ वाटते.

*

प्रदर्शन धुळ्याला होतं. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले तेव्हा आम्ही दोन भाग जोडत होतो. हिंमतने हसत आपलं झाकण उघडलं. "देख भो, तुमनी बॅटरी चाले म्हनीसन आमनी काढी टाकी. आई दोन दिन जेवनी नही."

मदनच्या हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. "आम्ही पण काढली," तो म्हणाला.

आमची बॅटरी जळगावात, त्यांची हिंमतच्या घरी पिंपळनेरला. परीक्षक आमच्यासमोर आले. मदनने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. परीक्षक भला माणूस होता. त्याने मॉडेल काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "वजन मात्र फार छान राखलंय."

निकाल बघायला आलेले मदनचे वडील मागेच उभे होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल बेटा," ते म्हणाले, "पेढीवर काट्याला माणूस हवाच होता."