हात कुठे कुठे गेला

बेल्जियममधल्या ईपरच्या आसपास शेत नांगरलं की बटाट्याच्या आधी तोफगोळे वर येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईतले, न फुटलेले. शेतकरी गोळा उचलतो, बांधावरच्या विजेच्या खांबाशी ठेवतो, फोन करतो आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढतो. मग लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना गोळ्यांची भीती वाटत नाही, आणि मला विचाराल तर भ्यायचं ते त्या न भिण्यालाच.

त्या गाडीवर वेर्ला डग्रेस दोन वर्षं शिकत होती. वय सत्तावीस, हुद्दा कॉर्पोरल. आता शिकाऊपण संपलं होतं आणि शुक्रवारी दुपारी चारच्या आत एक फॉर्म भरून द्यायचा होता. फॉर्मवर चौकटी दोनच. एक बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीची, दुसरी गॅस विभागाची, जिथे पोटात विषारी द्रव असलेले गोळे बंद दालनात उघडतात. एकदा खूण केली की पाच वर्षं तिथेच.

वेर्लाचं ठरल्यात जमा होतं. बॉम्ब. "बॉम्ब सरळ असतो," ती म्हणायची. "फुटला तर फुटला, नाहीतर घरी जेवायला. गॅसचं तसं नाही. सकाळी हात लागतो आणि फोड येतो संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. तोवर बसा हाताकडे बघत." वाट बघण्याचा तिला धसका होता. मा, म्हणजे तिची आई, आजारी होती तेव्हा सात महिने तिने तेवढंच केलं होतं, आणि शेवटी मा गेलीच.

"माझं तर दाढीनेच ठरवलं," गाडी चालवता चालवता योस म्हणाला. तो तिचा कामातला जोडीदार. "दाढीवर मास्क बसत नाही. सहा वर्षांची मेहनत आहे ही."

"मेहनत कसली, आळस आहे."

नियमाने दाढी त्याच्या कामातही चालत नाही, पण चीफ काणाडोळा करत.

शुक्रवारी सकाळी यादीतलं दुसरं नाव वेर्लाच्या बापाचंच होतं. आखील डग्रेस, येत्या महिन्यात सत्तरी. चार एकर लीक लावायचा. लीक म्हणजे कांद्यालसणाच्याच भावकीतलं, त्यामुळे आखीलच्या हातांना बारा महिने तो वास. मा म्हणायची, याला पुरला तरी वास वर येईल.

आखीलने आदल्या दिवशी कळवलेला गोळा खांबाशी होता. कोरडा, गंजका, साधा. योस त्याच्याकडे वळला तेवढ्यात अंगणातून आखील आला, उजव्या हातात दुसरा गोळा घेऊन.

"हा पण न्या. आत्ता अर्ध्या तासापूर्वी निघालाय, ताजा."

"पा! खाली ठेव. हळू."

"हळूच ठेवतोय. तू जन्मायच्या आधीपासून ठेवतोय."

गोळ्याच्या गळ्याशी तपकिरी, तेलकट ओघळ होता. आखीलचा उजवा तळवाही तसाच चमकत होता, आणि पँटवर पुसल्याचा डाग होता. वेर्लाने नाक पुढे केलं. लसणासारखा वास आला. मस्टर्ड गॅसला असाच वास येतो, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पण हा वास तर तिच्या बापाचा होता, लहानपणापासूनचा. नेमक्या वेळी नाक फितूर झालं.

योसने तपासणीचा कागद ओघळाला टेकवला. कागद लाल झाला, म्हणजे मस्टर्डच.

"लाल," तो म्हणाला. नंतर त्याने विनोद केला नाही.

वेर्लाने हातमोजे घातले, मास्क चढवला. सगळे वास गेले, उरलं नुसतं रबर. योसला मात्र दाढी आडवी आली. त्याला वारा येत होता त्या बाजूला, लांब जाऊन उभं राहावं लागलं, हातात फोन घेऊन. आता बापाजवळ जाणारी ती एकटीच.

"पा, पँट काढ."

"काय?"

"हात पुसलायस तिला. काढ!"

"तो बघतोय."

"योस, तोंड फिरव!"

"कधीच फिरवलंय!" योस लांबून ओरडला.

तिने आखीलच्या हातावर विष शोषणारी पावडर टाकली, टिपून घेतली, मग साबण आणि नळी. योसने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे गॅस विभागातली सार्जंट होदेलीव्ह होती, त्या दालनात वीस वर्षं काढलेली बाई.

"ॲम्ब्युलन्स निघालीय. तोवर त्याला विचार, गोळा उचलल्यापासून हात कुठे कुठे गेला. क्रमाने. आणि तो खोटं बोलेल."

"तो कशाला खोटं बोलेल?"

"लाजेने गं. सगळेच बोलतात."

आखीलने सांगितलं. फावडं. फाटकाची कडी. आत जाऊन कॉफीची किटली, कप.

"मग?"

"मग गाडी वाजली, बाहेर आलो."

"कप ठेवलास आणि थेट बाहेर?"

"हो म्हटलं ना! गोळा न्यायला आलीस की चौकशीला?"

वेर्लाला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती. ते घर तिला पाठ होतं. स्वयंपाकघर आणि दार यांच्या मध्ये एक खुंटी होती. म्हातारा दाराकडे बघायचं टाळत होता. ती नळीच्या चिखलात त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"पा, खुंटीवर माचा कोट आहे ना अजून?"

आता त्याने दाराकडे बघितलं.

"जाता येता बाही धरतो," शेवटी म्हणाला. "गालाला लावतो. ह्या बाजूला." आणि दाखवायला त्याने बोट डाव्या डोळ्याकडे नेलं.

तिने मनगट हवेतच पकडलं. त्याला मागे रेलवलं, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि गालावर, डोळ्यात पाणी सोडलं. म्हातारा ओरडला, शिव्या दिल्या, लाथ झाडली. ती हलली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी चालू होतं.

"वासासाठी गं," पाण्यातूनच तो पुटपुटला. "थोडा आहे तिचा अजून."

त्याला नेल्यावर ती मास्क घालूनच घरात गेली. निळा कोट, तिसरं बटण वेगळ्या रंगाचं. कागद बाहीला टेकवला, तिथेही लाल ठिपका उमटला. तिने कोट दुहेरी पिशवीत घातला आणि तोंड बांधलं.

मग हॉस्पिटल, आणि जणू वाट बघण्याचे तेच सात महिने पुन्हा. एक वाजला, दोन वाजले. तीनला तळवा सुजला. साडेतीनला गाल लाल झाला आणि कानाजवळ दोन फोड आले. डोळा पट्टीखाली होता. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

चारला दहा कमी असताना तिने चीफना फोन लावला.

"फॉर्म माझ्या कपाटात आहे, चीफ. दुसऱ्या चौकटीत खूण करा."

"गॅस? अगं, वाट बघणं जमत नाही म्हणत होतीस ना?"

"नाहीच जमत. आत्ताही बसलेय त्याच्या पट्टीकडे बघत." मग म्हणाली, "दोनदा विचारलं तेव्हा नाही सांगितलं त्याने. तिसऱ्यांदा सांगितलं. मी वाट न बघता उठून गेले असते तर?"

चीफ म्हणाले, "करतो खूण."

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळा लालभडक, सुजलेला. वेर्लाने समोर हात धरला.

"किती बोटं?"

"तीन," आखील म्हणाला. "आणि नखं कापायची झालीत."

ती हसली आणि तशीच रडली. त्याने तिला रडू दिलं.

"कोट?" मग त्याने विचारलं.

"गेला, पा. जाळणार आहेत."

त्याने डावा हात गालाकडे नेला. "पिशवीत घालताना वास आला का तिचा?"

मास्कमध्ये रबराशिवाय काही आलं नव्हतं.

"आला की," वेर्ला म्हणाली.

"बघ," म्हातारा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं का, थोडा आहे अजून?"