नात्यात नसलेला इंजिनिअर

हे तुम्हां नातवंडांना तुमची आई वाचून दाखवील, कारण देवनागरी तुम्हांला येत नाही. मधे कुठे ती थांबली, तर थांबू देऊ नका.

अमेरिकेतल्या एका राज्याने तिला इंजिनिअरचा परवाना दिला होता. मग तुमच्या बाबांची बदली दुसऱ्या राज्यात झाली आणि तिथल्या परवाना देणाऱ्या बोर्डाने सगळे कागद नव्याने मागितले. तंजावुरातल्या तीन वर्षांच्या कामाबद्दल वरिष्ठ इंजिनिअरचं पत्रही हवं होतं. ते आलं नाही, तर नव्या गावात मिळालेली पुलांच्या कामाची नोकरी हातची जाणार होती. आयएसडी बूथवरून मी तिला सांगितलं, "पत्राची काळजी सोड."

ती तीन वर्षं तिने माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, बांधकाम कंपनीत काढली होती. अण्णांनी त्याच दिवशी सुरेख इंग्रजीत लिहून दिलं: ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, पाळण्यात असल्यापासून मी हिला ओळखतो, म्हणून खात्रीने सांगतो. आम्हां तंजावूरकर मराठी मंडळींत याहून मोठी खात्री नाही. मी पत्र वाचलं, झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि पाठवलं. बोर्डाने ते परत केलं. नातेवाईक चालत नाहीत, आणि पत्र लिहिणाऱ्यानेच बंद केलेल्या पाकिटात हवं.

"मग ओळखणार कोण? परके?" अण्णा चिडले.

कंपनीत नात्यात नसलेले वरिष्ठ एकच होते, पापनाशम गावचे. त्यांच्याच हाताखाली तुमची आई काम शिकली. ओरत्तनाडुच्या वाटेवर रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीत सळ्या नकाशापेक्षा विरळ आहेत असं ती सांगत असताना त्यांनी काँक्रीट ओतलं. ती अण्णांकडे गेली आणि अण्णांनी स्लॅब फोडायला लावला. महिन्याभरात त्या गृहस्थांनी नोकरी सोडली.

मी सकाळच्या बसने पापनाशमला गेले. त्यांच्या बायकोने टंबलरभर कॉफी दिली.

"अम्मा, तुमच्या मुलीने माझा स्लॅब फोडला," ते तमिळमध्ये म्हणाले.

"फोडला."

"मामा मालक, म्हणून फुटला."

"सळ्या विरळ होत्या, म्हणून फुटला."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आता तरी कबूल करा! इतकी वर्षं मी ऐकतेय."

"आणि पत्र माझ्याकडूनच हवं?"

"तुम्ही आमचे कोणी लागत नाही. बोर्डाला तेच हवंय. खरं असेल ते लिहा."

त्यांनी टेबलाशी बसून अर्धा तास लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि जोडावर सही केली. बोर्डाचा नियमच तसा होता. न वाचलेला, झेरॉक्स न काढलेला कागद मी जन्मात पोस्टात टाकला नव्हता. तो टाकला.

मुलाखतीत बोर्डाच्या बाईंनी तुमच्या आईला त्यातला एवढाच भाग वाचून दाखवला: "सळ्या कमी आहेत असं तिने वरिष्ठाला तोंडावर सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं. तो वरिष्ठ मी." परवाना मिळाला.

पुढे तिसऱ्या राज्याची वेळ आली. मी पापनाशमला त्यांचं फाटक उघडलं आणि आतूनच आवाज आला, "आता कुठलं राज्य, अम्मा?"

पाकीट पुन्हा बंदच मिळालं. या खेपेला बसमध्ये मी ते उजेडाकडे धरून पाहिलं नाही.