त्या दोघांचा संसार

आमच्या कामठ्याच्या लोकांना सिनेमा कळत नव्हता, आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नव्हतं. लढाईच्या काळात धानाच्या बैलबंड्या गोंदियाला गेल्या की माणसं दुपारचा खेळ बघून येत. जवळजवळ प्रत्येक खेळात एक जाडा, मिशाळ नट असे आणि त्याच्यासोबत एक उंच, वाळकी नटी. नायक-नायिका बदलत, हे दोघे कायम. गावाने ठरवून टाकलं की सगळे खेळ मिळून या दोघांचीच एक गोष्ट आहे. एकात तो पाटील, पुढच्यात किराणावाला. लगेच आमची आत्या सांगे, "पाटीलकी गेली त्याची. आता दुकान टाकलं."

माझे वडील गावातले तंटे सोडवत. शहाणे म्हणून लोक त्यांच्याकडे येत. पण सिनेमाच्या बाबतीत तेही यातलेच.

मी सातवी पास झाले होते. नर्सचं शिक्षण घ्यायला नागपूरच्या दवाखान्याचं बोलावणं आलं होतं, पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. नेमका तेव्हाच नवा खेळ लागला. तो डॉक्टर, ती नर्स. त्याने फसवलं, तिने विहिरीत उडी घेतली. पाणी उडालं आणि खेळ संपला. वडील तोंड पाडून घरी आले.

"कायले जाऊन राहिली तू नागपूरले? त्या बाईचं काय झालं, मी पाहून आलो."

"बाबा, नटी हाय ते. पैसे घेऊन उडी मारते."

"पैसे घेऊन कोणी मरते का?" आत्या म्हणाली. "सातवी शिकली, पण अक्कल नाही पोरीले."

मास्तर दोनदा येऊन समजावून गेले. त्यांना चहा मिळाला. माझी पेटी माळ्यावर गेली.

दहाव्या दिवशी वडील गोंदियाहून आले ते खुशीत. नव्या खेळात ती शाळेची हेडमास्तरीण होती, डोक्यावर पदर, आणि मिशाळ तिचा नवरा, तिच्यापुढे मान खाली घालून.

"वाचली ना ते! लोकायनं काढलं असन विहिरीतून. तो बी सुधरला. जा तू."

माझे मार्क, दवाखान्याचं पत्र, मास्तरांची विनवणी, सगळं फुकट. जिने गोंदियाचं नावही ऐकलं नसेल अशा बाईला कुणी कोणतं लुगडं नेसवलं, यावर माझं शिक्षण ठरलं.

पेटी मीच खाली काढली. स्टेशनवर वडिलांनी एकच उपदेश केला, "तो मिशीवाला भेटला त दूर राहजो."

मी हो म्हणाले. गाडी सुटत होती, वाद घालायला वेळ नव्हता.