दर्शनी भागाला हात लावू नये

कचेरीतला कागद निकाली निघाला की रुमालात बांधून माळ्यावर जातो. किश्शांना मात्र रुमाल नाही आणि माळाही नाही. ते डोक्यातच राहतात आणि एकावर एक चढत जातात. आता चार मित्र जमले की म्हणतात, "तुमच्या त्या गल्लीचं सांगा." मी सांगतो, ते हसतात. मीही हसतो, पण शेवटचा किस्सा सांगताना थोडं कमी.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशाच्या तीर्थापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या गोष्टी सांगतोय त्यांची नातवंडं अजून तिथे नांदतात. इंग्रजी अमदानीची ती शेवटची वर्षं. मी गावच्या कचेरीत कारकून होतो. घराला खिडकी पाडायची, ओटा वाढवायचा, भिंत मागे सारायची, अशा अर्जांवर शेरे मारण्याचं काम माझ्याकडे. माझ्या वरती हेडकारकून तात्या. तात्या नाशिककडचे, अक्षर मोत्यासारखं, आणि आयुष्यात एकदाही 'हो' असं लिहिलेलं नाही. 'हरकत दिसत नाही' इथपर्यंत त्यांची उदारता जायची.

*

वरच्या गल्लीत बावीस घरं होती. सगळी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. पुढे सागवानी खांब, खांबांवर पोपट आणि वेलबुट्टी. एकदा एक गोरा साहेब दौऱ्यावर आला. ऊन कडक, म्हणून तो गल्लीतल्या सावलीत थांबला. दगाआप्पा पाटलांनी ओट्यावर घोंगडी टाकली आणि त्याला ताक दिलं. साहेब ताक पीत खांबांकडे बघत राहिला. त्या ताकाने घात केला.

चार महिन्यांनी वरून छापील हुकूम आला. वरची गल्ली प्राचीन व प्रेक्षणीय असून ती जतन करण्यात येत आहे. घरांचा दर्शनी भाग व छप्पर यांस परवानगीवाचून हात लावू नये. दवंडी पिटली गेली.

गल्लीत आनंदीआनंद झाला. दगाआप्पा गुळाचा खडा घेऊन कचेरीत आले. साठीचे, गोरेगोमटे, पांढरं पागोटं. माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाले, "सरकारनी आम्हनी गल्ली दत्तक लिधी, भाऊ. आते डागडुजीनी काळजी मिटनी."

मी त्यांना हुकूम वाचून दाखवला. डागडुजी मालकाने स्वखर्चाने करायची, सरकार फक्त परवानगी देणार. किंवा देणार नाही.

त्यांच्याबरोबर शेजारचे रहीमचाचा रंगारी आले होते. कोपरापर्यंत हात निळे. ते म्हणाले, "समझ गया. बच्चा हमारा, दूध हमारा, सिर्फ डाँटने का हक सरकार का."

गूळ मी खाऊन टाकला होता, परत कसा करणार.

*

आता धाब्याचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात मिरगाआधी प्रत्येक जण छतावर चढतो. वरची हातभर मुरलेली माती खरवडून खाली टाकतो आणि नवी खारी माती पसरून चोपतो. खारी माती पाणी आत येऊ देत नाही. हे बापाने केलं, आजाने केलं, कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या वर्षी दगाआप्पांनी विचारलं. सरळ माणूस, त्याचा हा तोटा.

तात्यांनी चष्मा पुसला. हुकमात 'छप्पर' शब्द होता, म्हणून प्रकरण वर गेलं. वरून विचारणा आली: माती जुनी आहे की नवी, याचा खुलासा व्हावा.

मी आप्पांना विचारलं. ते गोंधळले. "माटी नवी कसी राही, भाऊ? धरतीनी शे. जुनीच शे."

तात्यांनी लिहिलं, 'अर्जदार माती जुनी असल्याचे कबूल करतो.' त्यावर वरून निकाल आला: 'जुनी असल्यास ती काढू नये. नवी टाकावयाची झाल्यास जुन्यासारखी दिसेल अशी टाकावी.'

गल्लीने हुकूम मानला. खरवडणं बंद झालं, टाकणं चालू राहिलं. छतावरच्या मातीचं वजन दर साली वाढत गेलं, पण वजनाबद्दल हुकमात काही नव्हतं.

*

मग प्रत्येक घराचं चित्र काढून ठेवायला ओव्हरसियर आला. माणूस कामाचा, पेन्सिल बारीक. जे दिसलं ते हुबेहूब काढलं. पण नेमकी त्या आठवड्यात रहीमचाचांच्या दाराची डावी फळी सुताराकडे बिजागरीला गेली होती. रेकॉर्डला नोंद झाली, 'दरवाजा, एकफळी, प्राचीन पद्धतीचा.'

आठ दिवसांनी फळी परत आली आणि चाचांना नोटीस गेली. विनापरवाना फळी वाढवल्याबद्दल खुलासा करावा. नोटीस माझ्याच हातची.

चाचा फळी खांद्यावर घेऊन कचेरीत आले. तात्यांच्या टेबलापुढे ती उभी करून म्हणाले, "साहब, ये नई दुल्हन नहीं है. मायके गई थी, लौट आई है."

तात्या हसले नाहीत. त्यांनी फळी पुराव्यादाखल जमा करून घेतली. तिच्याखाली चार विटा लावून आम्ही तिचं बाकडं केलं, आणि दुपारी जेवण झालं की तात्या तिच्यावर आडवे व्हायचे. चाचांच्या अर्ध्या दाराला गोणपाट लटकलं. पुढच्या तपासणीत गोणपाटालाही हरकत घेतली गेली, कारण ते चित्रात नव्हतं.

*

एव्हाना गल्लीला एक गोष्ट कळली. घर जुनं नाही असं सिद्ध झालं तर हुकूम लागू होत नाही. झालं, जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घराच्या जुनेपणावर मिशांना पीळ देत होती, ती घरं कालची आहेत म्हणून शपथा घ्यायला लागली.

एका रविवारी दगाआप्पांच्या मुलाला बघायला खांडबाऱ्याकडचे पाहुणे आले. मलाही बोलावणं होतं. आप्पा खांबावर थाप मारून मुलीच्या बापाला सांगत होते, "हाई घर पेशवाईमातलं शे. सात पिढ्या आठेच नांदन्यात." पाहुणे खूष झाले. सुपारी फुटायच्या बेतात होती.

सोमवारी सकाळी आप्पा कचेरीत शपथेवर सांगत होते, "हाई घर मन्हा बापनी बांधं. मन्हा डोयासमोर."

मी वर पाहिलं तर दारात मुलीचा बाप उभा. गाडीला वेळ होता म्हणून कचेरी बघायला आला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊसाहेब, खरं कोनतं?"

मी म्हणालो, "दोन्ही खरी. घर सोयरिकीला जुनं आहे, अर्जाला नवं."

माणूस शहाणा होता. त्याने मुलगी दिली. सरकारने मात्र मानलं नाही. खांबांवरचे पोपट पेशवाईतलेच आहेत असं त्यांचं ठाम मत पडलं. आप्पांच्या बापाने घर बांधलं तेव्हा ते खांब नदीपलीकडच्या गावातल्या मोडलेल्या घरातून विकत आणले होते, हे आप्पा तीनदा सांगून चुकले. पोपटांना साक्षीला बोलावता येत नव्हतं.

*

सोयरिकीपर्यंत हसण्यावारी होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात दगाआप्पांची तुळई बोलायला लागली. मधल्या खोलीचं ते मोठं आडवं लाकूड. वर तीन वर्षांची न खरवडलेली माती, आत वाळवी. कर्रर्र आवाज व्हायचा आणि आप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या, पिठात माती पडायची. त्या खोलीत आप्पा, काकू, मुलगा आणि सहा महिन्यांची पोटुशी सून, एवढी माणसं झोपत.

आप्पांनी होळीला अर्ज दिला. तुळई बदलायची आणि वरची माती उतरवायची. तात्यांनी नकाशा मागितला, आप्पांनी आणला. तात्यांनी जुन्या तुळईची लांबी मागितली, तीही आणली. मग तात्यांनी नवी तुळई जुन्यासारखी दिसेल याची हमी मागितली. आप्पा म्हणाले, "तुळई छतना खाले शे, तात्यासाहेब. ती कोनले दिसी?"

तात्या म्हणाले, "तसं लेखी द्या."

वैशाख संपत आला आणि तोच गोरा साहेब पुन्हा दौऱ्यावर आला. तात्यांनी गल्ली झाडून घेतली, रहीमचाचांचं गोणपाट उतरवलं. साहेब प्रत्येक खांबापुढे थांबून मान डोलवत होता. आप्पांच्या ओट्यावर आला तेव्हा आप्पांनी पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं आणि छताकडे बोट दाखवून बोलायला लागले. मिरग तोंडावर आलाय, लाकूड बसलंय, घरात गरोदर सून आहे, एवढंच ते बोलत होते.

साहेबाने विचारलं, हा काय म्हणतो?

तात्यांनी इंग्रजीत सांगितलं, "आपल्या घराची कीर्ती झाली म्हणून तो आभार मानतोय."

मला इंग्रजी येत होतं. मी तात्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो आणि माझ्या हातात आप्पांचाच अर्ज होता. मी बोललो नाही. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. त्याची लाज मला तेव्हा वाटली आणि आजही वाटते.

साहेब हसला, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. आप्पांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "साहेब हासना, भाऊ. म्हंजे मंजुरी भेटी ना?"

मी म्हणालो, "भेटेल."

*

श्रावणात, भर दुपारी, मधली खोली बसली.

माणूस एकही गेलं नाही, याचं श्रेय रहीमचाचांना. झड लागल्यापासून त्यांनी आप्पांचं सगळं घर स्वतःकडे ओढून नेलं होतं. काकूंची वेगळी चूल मांडून दिली, सुनेला खाट दिली. चाचा म्हणाले, "मेरे घर में आधा दरवाज़ा है, पाटील, लेकिन छत पूरी है." त्यांनी हुकूम मोडून स्वतःच्या छतावरची माती रोज थोडी थोडी उतरवली होती. रंगाच्या हंड्यातून खाली आणायचे, त्यामुळे कुणाला कळलं नाही. सून तिथेच बाळंत झाली. मुलगा झाला.

आप्पांच्या घराचं छत गेलं, मधली भिंत गेली, मागची गेली. पुढचे खांब, पोपट, ओटा, दार आणि दाराची कडी जशीच्या तशी उभी. बापाने आणलेलं लाकूड खरंच चांगलं होतं.

दिवाळीनंतर आप्पांचा अर्ज मंजूर होऊन आला. तुळई बदलण्यास हरकत दिसत नाही. दर्शनी भागास हात लावू नये. घर राहते ठेवावे, ओस पडल्यास ते सरकारजमा होईल.

मंजुरी घेऊन मीच गेलो. आप्पा तोवर शेतात कुडाचं झोपडं घालून राहायला लागले होते. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "राहतं म्हंजे काय करानं, भाऊ?"

मी म्हणालो, "तपासणीला दार वाजवतील. आतून कुणीतरी उघडलं पाहिजे."

आप्पांनी मान हलवली आणि कागद पागोट्यात खोचला.

*

पुढच्या भादव्यात ओव्हरसियर तपासणीला आला. जुना बदलून गेला होता, हा नवा, बूट घातलेला. रेकॉर्डचं चित्र हातात, मी वही घेऊन बरोबर. आभाळ भरून आलं होतं.

एक एक घर करत आम्ही आप्पांच्या ओट्यावर चढलो. त्याने पोपट मोजले, खांब मोजले. चित्राशी सगळं जुळलं. मग त्याने कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन शे?"

"सरकारी तपासणी."

दार उघडलं. आप्पा धुतलेलं पागोटं बांधून उभे होते. त्यांच्या मागे आभाळ होतं. मातीच्या ढिगावर भोपळ्याचा वेल चढला होता, आणि त्यातून वाट काढून एक घोंगडी अंथरलेली होती. घोंगडीवर पाण्याचा तांब्या.

"या साहेब, मझार या," आप्पा म्हणाले. "जोडा तेवढा बाहेर काढा."

ओव्हरसियरने बूट काढले. तो उंबरा ओलांडून आत गेला, वर पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि घोंगडीवर बसला. आप्पांनी तांब्या पुढे केला. तो पाणी प्यायला. मग मला म्हणाला, "लिहा. दर्शनी भाग उत्तम. घर राहते. आत उजेड आणि हवा भरपूर."

मी लिहिलं.

दोन थेंब वहीवर पडले. आप्पांनी वर पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, दार लोटी ल्या. पानी यी ऱ्हायनं."

मी दार लोटलं आणि आतून कडी लावली.